थंड की नॉर्मल?

हॉटेलात वेटरने विचारलं, "पाणी थंड की नॉर्मल?" मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "नॉर्मल." सकाळपासून तिच्या तोंडून हा शब्द मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. मुलाचा पेपर नॉर्मल गेला, म्हणजे निकाल लागेपर्यंत तो पुढे काही सांगणार नाही. शेजारी आवाज चढले म्हणून विचारायला जावं, तर दार अर्धंच उघडून उत्तर येतं, "काही नाही हो, नॉर्मल." खरंच ठीक असलेली माणसं "मजेत" म्हणतात.

सकाळी ती स्वतःच्या तपासणीचा रिपोर्ट एकटीच जाऊन घेऊन आली. "सगळं नॉर्मल आहे," म्हणाली आणि पाकीट कपाटात साड्यांखाली सरकवलं. मी चष्मा शोधेपर्यंत कपाटाला कुलूप लागलं होतं. मग तीच म्हणाली, "आज बाहेर जेवू या."

रिपोर्ट चांगला आला की ती आधी देवापुढे वाटीत साखर ठेवते. माझ्या डोळ्यांच्या साध्या तपासणीलाही ठेवली होती. आज घरातून निघताना मी मुद्दाम देवघरात डोकावलो.

वाटी रिकामी होती.