दाद न देणारे मामा

औषधांना दाद न देणारे जंतू पुष्कळ आहेत; पण माणसांना, देवांना, डॉक्टरांना आणि जिलबीला सारख्याच निष्ठेने दाद न देणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या पत्नीचे बोरिवलीचे मामा. एका उपनगरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. निवृत्तीनंतरही तिथल्या विभागप्रमुख बाईंनी त्यांना आठवड्यातून दोन दिवस येण्याची मुभा दिली होती, आणि त्या दोन दिवसांसाठी मामा उरलेले पाच दिवस झाडपाला गोळा करीत. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, पाल्याच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू मेल्याचे स्वच्छ वर्तुळ उमटले आहे का, ते पट्टीने मोजायचे, हा त्यांचा संसार. दुसरा त्यांनी मांडलाच नाही. बशीतले जंतूही साधे नसत. नेहमीची सारी औषधे पचवून बसलेले असत. नात्यातल्या हुशार पण वाया गेलेल्या मुलांविषयी बोलावे तसे मामा त्यांच्याविषयी बोलत. "शिकलेली पोरं आहेत ही, जावईबापू. गोळ्या अर्धवट खाऊन आपणच शिकवली त्यांना."

आमच्याकडे मुलुंडला ते येत तेव्हा फाटकापासून दारापर्यंत पोहोचायला त्यांना अर्धा तास लागे, कारण कुंपणाला अडुळसा होता. "काका, परत आलात? सेक्रेटरी मला ओरडतात ना!" असे वॉचमन म्हणे. "सेक्रेटरीला खोकला झाला की हाच पाला मागायला येईल बघ तो." "मग देऊ का त्यांना?" "अजिबात देऊ नकोस. अजून मी तपासला नाही." पाल्याच्या पुड्या आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला राहत, आणि प्रत्येकीवर मामांच्या सुवाच्य अक्षरात 'खाऊ नये' अशी चिठ्ठी असे. माझ्या पत्नीने, शैलाने, एकदा कोथिंबिरीच्या जुडीवर तितक्याच सुवाच्य अक्षरात 'खावे' अशी चिठ्ठी लावली. मामांनी ती वाचली आणि गंभीरपणे विचारले, "कशावरून?"

हे 'कशावरून' भल्याभल्यांना पळवून लावी. घाटकोपरच्या एका लग्नात पंगतीतल्या गृहस्थांनी गुळवेलीचे गुणगान सुरू केले, "आमच्याकडे सगळे घेतात, कोणी आजारी पडत नाही." मामा म्हणाले, "आणि न घेणारे किती पडले?" गृहस्थ आपले ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. अमुक झाडाच्या पानांनी अंधेरीचा एक रुग्ण शेवटच्या अवस्थेतल्या कर्करोगातून उठून चालू लागला, असा निरोप एकदा त्यांच्या फोनवर आला. लोक अशा निरोपाला हात जोडतात. मामा त्या रुग्णाला भेटायला निघाले. निरोप पाठवणाऱ्याने कांदिवलीहून मालाडच्या साडूकडे बोट दाखवले, साडूने अंधेरीच्या कचेरीतल्या मैत्रिणीकडे, तिने वाकोल्याच्या भिशीतल्या बाईंकडे, आणि त्या बाईंनी आपल्या भावाकडे. हा भाऊ मामांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. "अहो काका, फॉरवर्ड आहे तो! वाचायचं आणि सोडून द्यायचं ना, यार!" मामांनी शांतपणे विचारले, "कोणावर?"

असा हा माणूस एके दिवशी पेढे घेऊन आमच्या दारात उभा राहिला. त्यांच्या एका पाल्याने बशीतल्या निर्ढावलेल्या जंतूंभोवती भलेमोठे वर्तुळ काढले होते. विभागप्रमुख बाईंनी तो अर्क एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे औषधांना न जुमानणाऱ्या कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवतात, त्याही मेल्या. त्या झाडाचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर उद्या ते तिसऱ्या मजल्यावरून गावभर जाईल. शैलाने पहिला पेढा मामांच्याच तोंडात कोंबला आणि म्हणाली, "आता तरी हसा हो!" ते हसले. सवय नसल्यामुळे ते हसणे त्यांना नीट आवरता आले नाही.

दोन वर्षांनी शैलालाच कर्करोग निघाला. पहिल्या औषधाने तो मागे हटला, दुसऱ्याने थबकला, तिसऱ्याला त्याने ओळखही दाखवली नाही. मी तडक बोरिवली गाठली.

"मामा, ते पान द्या."

"नाही."

"पेढे वाटलेत ना तुम्ही त्याचे?"

"बशीतल्या पेशी मेल्या म्हणून वाटले. बशीत उकळतं पाणी ओतलं तरी मरतात त्या. शैलीच्या यकृताचं ते पान काय करील, चालू औषधाशी कसं वागेल, मला माहीत नाही."

"आता उरलंय तरी काय, मामा?"

"जे उरलंय ते तिचं आहे, जावईबापू. त्याच्यावर मी प्रयोग करणार नाही."

त्यानंतर ते दर मंगळवारी येत आणि तिच्या पायथ्याशी बसून राहत. मी त्यांच्याशी बोलत नसे. तीन महिन्यांनी ती गेली. तेराव्याला, सगळे नातेवाईक जमले असताना, मी हलक्या आवाजात, शब्द निवडून म्हणालो, "मामा, तुमच्या कपाटात औषध होतं, आणि ती गेली." ओरडून बोललो असतो तर लोकांनी दुःखाचा उद्रेक म्हणून ते सोडून दिले असते, मी शांतपणे बोललो, म्हणून ते सर्वांना खरे वाटले. ते खरे नाही हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. मला माझे दुःख ठेवायला कोणाचा तरी उंबरठा हवा होता, आणि मामांचा जवळचा होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी 'कशावरून' असे विचारले नाही. चपला शोधल्या आणि गेले.

त्यांनी महाविद्यालयात जाणे बंद केल्याचे काही दिवसांनी कानावर आले. ऐकून मी दोन वर्षे गप्प बसलो. मुलुंडहून बोरिवलीला बस जाते, हे मला माहीत नव्हते असे नाही.

गेल्या वर्षी अखेर गेलो. वाटेत मी क्षमायाचनेची वाक्ये जुळवत होतो. चांगली जुळली होती. मामांनी दार उघडले, "बसा" म्हणाले आणि स्वतः खुर्चीच्या कडेवर बसले. पाल्याच्या कपाटात आता नुसती वर्तमानपत्रे होती. मी तोंड उघडण्यापूर्वीच ते म्हणाले, "जावईबापू, एक विचारायचं राहिलंय. शैलीनंही मागितलं होतं ते पान. एका मंगळवारी तुम्ही खाली रिक्षा बघायला गेला होतात, तेव्हा."

मला हे ठाऊक नव्हते. "मग?"

"तुम्हाला सांगितलं तेच तिलाही सांगितलं. ती म्हणाली, 'बरं.' तेवढंच. मग तुम्ही वर आलात. त्या 'बरं'चा अर्थ मला लागत नाही. पटलं म्हणून म्हणाली, की माझ्यावर रुसून? तुम्ही एवढी वर्षं तिच्याबरोबर राहिलात. तुम्हाला कळेल."

माझी सारी वाक्ये गळून पडली. शैलाची किती तरी 'बरं' मला ठाऊक होती. भाजीवाल्याचा भाव न पटता भाजी घेतानाचे एक, माझी थाप ओळखून सोडून देतानाचे एक, झोप लागता लागता म्हटलेले एक. "पटलं म्हणूनच हो, मामा," असे म्हणणे सोपे होते, आणि त्यांना तेवढेच हवे होते. पण या माणसासमोर आणखी एक खोटे बोलण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते. "मला माहीत नाही, मामा," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. हे मात्र मला माहीत आहे." त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला उठले.

आता मी एकाआड एक शनिवारी जातो. आम्ही त्यांच्या गॅलरीत बसतो. मध्येच मामा विचारतात, "कसं म्हणायची हो ती?" मग मी म्हणून दाखवतो, "बरं." ते डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात आणि स्वतः थोड्या वेगळ्या सुरात म्हणतात, "बरं." मी पुन्हा म्हणतो. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष असे आळीपाळीने एकच शब्द म्हणत बसतात. शेजारच्यांना वाटत असावे, आमचे कशावर तरी एकमत झाले आहे.