एका हंड्याची उद्देशिका

बुवापाड्यात मी भाड्याने राहायचो तेव्हा नळ कोरडा पडला की टँकर यायचा. पाइप एकच आणि रांग ही एवढी. पाइपाशी निळ्या साडीतल्या एक मावशी उभ्या असायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणाच्या घड्याळावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनीच माप ठरवलं होतं. संविधानाची उद्देशिका एकदा म्हणून होईपर्यंत पाइप तुमचा, मग पुढच्याचा.

कमरेवर हात, डोळे मिटलेले आणि "आम्ही भारताचे लोक" सुरू. एकदा मी म्हटलं, "मावशी, माझा हंडा मोठा आहे, जरा सावकाश म्हणा ना." त्यांनी एकच डोळा उघडला. "हंडा मोठा असंल, माणूस एकच हाय ना? समानता माणसाला असते, भांड्याला नाय." स्वतःच्या सुनेलाही त्यांनी तोच वेग लावला, तर त्यांच्या घरात दोन दिवस अबोला होता.

स्वतःचा नंबर त्या शेवटी लावायच्या आणि तेव्हा म्हणायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायच्या. एके दिवशी मला सांगितलं. मी उद्देशिकेच्या शेवटाकडे पोचलो तरी त्यांचा हंडा अर्धाच होता, म्हणून मी मुद्दाम अडखळलो. "एकात्मता यांचे आश्वासन देणारी... देणारी... काय बरं ते..."

"बंधुता!" मावशी खेकसल्या. उरलेलं त्यांनीच घडाघडा म्हणून टाकलं, पाइप काढला आणि अर्धा हंडा कमरेवर घेतला.

"टँकर सोडा आता. पुढच्या गल्लीत पण भारताचेच लोक उभे हायत."