महिनाअखेरची खुर्ची

आमच्या अंबरपेठेच्या गल्लीत भुताखेतांवर अजिबात विश्वास नसलेली एकच बाई होती, शेजारची मनकर्णा. सरकारी दवाखान्यात नर्स, माणसं मूळची नांदेडकडची, बौद्ध. पितृपक्षात मी नवऱ्याच्या नावाने पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसले, की ती भिंतीवरून हसायची. म्हणायची, सुमनताई, खीर गोड झाली का विचारा त्याला. मला राग यायचा, पण तिच्यावर फार वेळ रागावता येत नसे.

तिचे यजमान उत्तमराव बँकेत होते. म्युच्युअल फंडातलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्यांचा नियम ऐकून ऐकून पाठ झाला होता. महिनाअखेरीस बाजाराचा आकडा मागच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या वर असला, तर पैसे शेअरच्या फंडात राहू द्यायचे; खाली गेला, तर काढून सुरक्षित फंडात टाकायचे. मनाला विचारायचं नाही. हा सगळा खटाटोप राहतं भाड्याचं घर विकत घेण्यासाठी. घर झालं की हा खेळ बंद, असं ते माझ्यासमोर म्हणाले होते.

घर व्हायच्या आधीच ते गेले. नियम मागे राहिला. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मनकर्णा त्यांच्या खुर्चीसमोर बसून आकडे मोठ्याने वाचायची, थोडी थांबायची आणि म्हणायची, "हौ, राहू दे." पहिल्यांदा ते खिडकीतून ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मग दोन हजार चौदा साली राज्य तुटलं, आंध्र आमच्यापासून वेगळं झालं. तिचे घरमालक सरकारी नोकर, आंध्राकडचे. त्यांनी तिकडेच जायचं ठरवलं. घर तिलाच द्यायचं त्यांच्या मनात होतं, तेही कमी भावात. फंडात तेवढे पैसे होते. लेक तारा हातापाया पडली, मी तर भांडलेच. पण बाजार वर होता, आणि मनकर्णाचं एकच पालुपद, आत्ता काढणं नियमात बसत नाही. घरमालक बिचारे थांबले, थांबले आणि शेवटी घर दुसऱ्याला गेलं. मायलेकी बरकतपुऱ्यात भाड्याने राहायला गेल्या.

पुढच्या वर्षी बाजार घसरला. नियमाने पैसे वेळेवर बाहेर काढले, एवढं मात्र खरं. मी मुद्दाम महिनाअखेरीलाच तिच्याकडे गेले. नव्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी ती खुर्ची होती. माझं डोकंच फिरलं. घर झालं की बंद, हे उत्तमरावांनीच सांगितलं होतं ना, विसरलीस का, असं मी तोंडावर विचारलं.

"विसरले नाही, ताई," ती म्हणाली. "पण बंद केलं असतं, तर हे कशाला आले असते?"

आत तारा भांडी घासत होती, तो आवाज थांबला. मनकर्णाने आकडे वाचले. बाजार अजून खालीच होता. तिने खुर्चीकडे बघितलं, आणि नको नको म्हणत मीही बघितलं.

"हौ," ती हळूच म्हणाली, "अजून नक्को."

मला भीती वाटली. आणि खरं सांगते, हेवाही वाटला. माझा माणूस वर्षातून एकदा येतो, तेही कावळा आला तर.