तापवलेल्या काचेचा उजेड

आमच्या नांदेडच्या लॅबमध्ये जे मोजता येतं ते वहीत जातं. बाकीचं चहाच्या वेळी साठत जातं. नवीन मुलं प्रयोगाआधी हे किस्सेच शिकतात.

काम साधं. चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेली काच भट्टीत तापवायची, गार झाली की डार्क रूममध्ये अतिनील दिव्याखाली धरायची, किती उजळते ते मोजायचं. बेताची तापवली तर उजेड वाढतो. जास्त तापवली की कण मोठे होतात, काच पिवळी पडते आणि उजेड विझतो.

*

आमचे अटेंडंट मारोतीमामा भोकरचे. एकदा भट्टीच्या दारापाशी तळहात नेऊन म्हणाले, "मीटर खोटं बोलून राहिलं." आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी दुसरा सेन्सर लावला. चाळीस अंशांचा फरक! त्यानंतर मामांनी तिथं हात नेला नाही. आतून कुणीतरी बोटं धरली, म्हणाले.

*

एका दुपारी लाइट गेली आणि भट्टी मध्येच गार झाली. ती काच जशी नारिंगी उजळली, तशी पुन्हा एकही नाही. आम्ही मुद्दाम बटण बंद करून कितीदा तरी पाहिलं.

*

प्राजक्ता बिलोलीची, पीएचडी करते. तुलनेसाठी ठेवलेली बिनचांदीची काच तिच्यासमोर उजळली. तिनं दारातूनच मॅडमना हाक मारली आणि वळली, तर ट्रे रिकामा. खोलीला दार एकच, त्यात ती स्वतः उभी.

*

सुमनताई आमच्या लॅब असिस्टंट, लातूरकडच्या. भूकंपात आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. ढिगाऱ्यातून मिळालेला आईच्या पिवळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा त्यांनी डबीत जपलेला. एक दिवस तो घेऊन माझ्याकडे आल्या.

दिव्याखाली धरला, काहीच नाही. भट्टीत ठेवायचा का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उजळायचा नाही, वितळून आकारही जाईल.

"ठेवा, सर."

ठेवला. गार झाल्यावर डार्क रूममध्ये नेला. मशीनवर आकडा शून्य. पण ट्रेमध्ये उजेड होता, आम्हा दोघांनाही दिसत होता. तुकडा बोटभर, उजेड मात्र बांगडीएवढा, पूर्ण गोल.

सुमनताईंनी त्यात हळूच हात घातला.

मला भीती वाटली. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा, सर," त्या म्हणाल्या. "लई घट्ट बसलीय."