मनगटाची चौथी थाप

ते कशावरही थाप मारून बघायचे. कोणाच्या वाढदिवसाचा केक असो, नाहीतर मी पहिल्यांदाच केलेला ढोकळा. एक तळहात त्यावर उपडा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने थापा मारायच्या. आधी नुसत्या मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. माझा ढोकळा मनगटाच्या तिसऱ्या थापेलाच खचला. "या उतारावरून मी जाणार नाही," ते म्हणाले, आणि दोन तुकडे जास्तीचे वाढून घेतले.

मी अमेरिकेत, युटात शिकायला आले २००३ साली. ते आमच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र विभागाची प्रयोगशाळा सांभाळायचे. बेचाळीस वर्षांचे, एकटे, अकोल्याचे. आम्ही मराठी विद्यार्थी त्यांना काका म्हणायचो. "बेचाळीस म्हणजे काका नाही गं," ते चिडायचे. अकोल्याच्या माणसाला बर्फाचं एवढं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बर्फगोळ्यापासून सुरुवात केली."

हिवाळ्यात ते आम्हाला डोंगरात न्यायचे, पायाला बर्फावर चालायचे पसरट स्नोशूज बांधून. निघण्याआधी त्यांच्याकडे चहा व्हायचा आणि चहा उकळेपर्यंत ऍव्हलांचच्या, म्हणजे बर्फाचा कडा कोसळण्याच्या, इशाऱ्याचा नंबर स्पीकरवर लावलेला असायचा. रेकॉर्ड केलेला एक सपाट आवाज कुठला उतार आज धोक्याचा ते सांगायचा. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. डोंगरात गेल्यावर उतार ओलांडण्याआधी ते बर्फात छातीएवढा खड्डा खणायचे, खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब सुटा कापायचे, त्यावर फावडं ठेवायचे आणि थापा मारायचे. जितक्या कमी थापांत तो खचेल, तितका उतार धोक्याचा.

त्यांचा नियम एकच होता. "एकाचं 'नाही' पुरे. कारण विचारायचं नाही." एकदा दोन तास ड्राइव्ह करून गेलो, तर आमच्यातला सलील पायथ्याशी म्हणाला, "काका, आज नको वाटतंय यार." काकांनी लगेच गाडी वळवली. मी भडकले. माझ्या वडिलांच्या चळवळीची नुकती छापलेली पत्रकं घरभर वाळत पडलेली असायची. मी अक्षरं शिकले तीच त्यांच्यावर. एकाचा हुकूम चालणार नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. "एकासाठी सगळ्यांनी परत? ही कसली लोकशाही?"

"ऐकून तर घे बाप्पा," ते म्हणाले. वाद घालणं त्यांना जमायचं नाही. मला जमायचं.

दुसऱ्या वर्षीचा जानेवारी. काका, सलील, आमच्यातलीच मुग्धा आणि मी. तीन आठवडे कोरडी, कडक थंडी पडली होती आणि शेवटचे दोन दिवस वादळ. काकांनी खड्डा खणला. तळाचा बर्फ मुठीत घेऊन दाबला, पण गोळाच होईना. "ही झाली रवाळ साखर. तिच्यावर वादळाच्या बर्फाचं दोन फुटांचं ओझं." मनगटाची चौथी थाप पडली आणि वरचा ठोकळा सरळ घसरून त्यांच्या गुडघ्यावर आला.

"नाही. परत."

समोर शंभर पावलांचा उतार होता आणि त्यावर कोणाच्या तरी ताज्या खुणा होत्या. "ते गेले की," मी म्हणाले. "आणि सकाळच्या इशाऱ्यात पाचातला तिसरा धोका सांगितला. म्हणजे मधलाच ना?"

"मधल्यालाच माणसं जातात. पाचव्याला सगळे घरी बसतात."

"मग मतदान घेऊ."

एखाद्या मंडळाच्या सभेत घ्यावं तसं मी ते घेतलं. माझा हात वर. सलीलचा हात वर. मुग्धाचा अर्धा. काका बर्फाकडे बघत होते. "मी नाही म्हणतोय," ते पुटपुटले. "तीन विरुद्ध एक!" मी ओरडले. सलील हसत निघालाही. "काका, थापा मारत मारत जातो!"

तो मध्यावर पोचला तेव्हा पायाखालून धप्प असा आवाज आला, दाराआड पोतं पडावं तसा. त्याच्या वरच्या बाजूला बर्फात एक रेघ उमटली आणि अख्खा उतार खाली निघून गेला.

सलीलच्या अंगावरच्या सिग्नल देणाऱ्या बीकनमुळे जागा सापडली. काकांनी खणलं, आम्ही दोघी मागे बर्फ फेकत होतो. अर्धा तास लागला. सलीलच्या चेहऱ्यावर त्याच्याच श्वासाचा गोठलेला पातळ मुखवटा होता. काकांनी तो बोटांनी काढला, अगदी हळू, जणू अजून त्याला लागेल.

पोलिसांनी विचारलं, निर्णय कोणाचा होता? "सगळ्यांचा," काका म्हणाले. गाडीत मी वाट बघत बसले की आता बोलतील, आता मला बोलतील. ते एवढंच म्हणाले, "मी 'नाही' म्हणालो. पण हळू म्हणालो."

उन्हाळ्यात ते कायमचे कॅरीला गेले, नॉर्थ कॅरोलिनात, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. कॅरीच्या आसपास डोंगर नाहीत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुसऱ्याची चूक स्वतःच्या खिशात घालून गाव सोडणारी. त्यांच्याशी काय बोलायचं असतं, मला माहीत नाही. २००७च्या डिसेंबरात मी तिकडे गेले तेव्हा काकांकडे उतरले. सकाळी उठले तर ओट्यावर चहा उकळत होता आणि फोन स्पीकरवर होता. तोच सपाट आवाज. युटाचे उतार, युटाचा वारा. खिडकीबाहेर पिवळं पडलेलं गवत आणि शेजाऱ्याची मिनीव्हॅन.

"अजून लावता?"

"हिवाळ्यात रोज."

आवाज संपला. त्यांनी तळहात टेबलावर उपडा ठेवला आणि ते दुसऱ्या हाताने, मनगटातून, थापा मारायला लागले. एक. दोन. तीन. चौथ्याला हात हवेतच थांबला. चहा उतू गेला, तरी हात तिथेच होता.