संगणकाचे कल्ले

पालघरच्या एसटी स्थानकात मी मांडीवर संगणक घेऊन बसलो होतो आणि मनातल्या मनात तीन गोष्टींचा निषेध करत होतो. बस उशिरा, बाकडं मोडकं आणि माझा खिसा रिकामा. तिसऱ्या गोष्टीबद्दल नेमका कुणाचा निषेध करावा ते ठरेना, म्हणून तर संगणक विकायला निघालो होतो.

हा संगणक माझ्याहून वयाने मोठा. जाडजूड कीबोर्ड आणि त्याच्याच पोटात सगळं यंत्र. जुन्या टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची, पाच मिनिटं तिची किंचाळी ऐकायची, मग पडद्यावर चौकोनी तुकड्यांचा एक साप वळवळायला लागतो. बोईसरच्या भंगारवाल्याकडे मेलेला मिळाला होता. दोन वर्षं खपून मी त्याला उठवला. विकायचं जिवावर आलं होतं. पण घिवलीच्या किनाऱ्यावर, जिथे मासळी सुकवतात तिथे, एक ठेकेदार बांधकामाचा राडारोडा ओतत होता. शुक्रवारी ग्रामसभा. माझं पत्रक तयार होतं, चांगलं चार पानी. छापखानेवाला म्हणाला, "क्रांती मागाहून, रोख आधी."

राडारोड्याची बातमी मला दिली ती दामूदादांनी, आणि संगणकाचं गिऱ्हाईकही तेच. घिवलीत राहतात, बोटींवरचे वायरलेस दुरुस्त करतात आणि माझ्यासारखेच जुन्या यंत्रांपायी वेडे आहेत. फोनवर महिनाभर घासाघीस करून आमचा भाव ठरला होता.

बोईसरला उतरून शेअर रिक्षा धरली. शेजारी पाळीवर निघालेला एक कामगार, मांडीवर डबा.

"भैया, ये क्या है?"

"कंप्यूटर."

"टूटा हुआ है?"

"नहीं, पुराना है."

"मतलब वही."

एवढ्यावर गप्प बसेन तो मी कसला! कंपन्या मुद्दाम न टिकणाऱ्या वस्तू बनवतात, आपल्याला फेकायची सवय लावतात, यावर मी त्याला पूर्ण व्याख्यान दिलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भैया, नौकरी नहीं मिली क्या?"

पुढे अणुवीज केंद्राच्या बाजूने रस्ता जातो. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "त्या वायरी आत घाला ना. गेटवाल्याने बघितलं तर माझी रिक्षा पण उघडून बघंल." पोलिसांनी सांगूनही मी कधी फलक खाली घेतलेला नाही. वायरी मात्र मुकाट्याने पिशवीत कोंबल्या.

घिवली आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. किनाऱ्यालगत वलांडी (मासळी टांगायची बांबूंची मांडणी) ओळीने उभ्या होत्या. बोंबील दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. थेट सर्वपक्षीय बैठक. त्यांच्या पलीकडे ढीग: फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे आणि सगळ्यांच्या वर, सिंहासनासारखं, एक तडकलेलं कमोड. ढिगाने दोन वलांडी आडव्या केल्या होत्या. माझी मूठ आपोआप वळली; त्या नादात संगणक पडता पडता वाचला.

दामूदादांकडे तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण झालं. मग त्यांनी माळ्यावरून जुना टीव्ही काढला. कॅसेट दोनदा अडली, तिसऱ्यांदा साप आला. दादांनी डोळे पुसले. "घेतला!" म्हणाले. मी हात पुढे केला. दादांनी तो प्रेमाने हातात धरला आणि दाराकडे पाहिलं.

"जना बाजारातून येऊ दे."

"काकींना दाखवायचाय?"

"दाखवायचा नाय. पिशवी तिच्याकडं हाय."

मी कपाळावर हात मारला. मासळी किनाऱ्याला लागेपर्यंत पुरुषाची. पुढे विकणं, भाव आणि पैसा सगळा बाईचा, ही इथली रीत. या रीतीचं कौतुक करणारी दोन पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत! आणि महिनाभर भाव कुणाशी केला? तर दादांशी.

जनाकाकी आल्या, रिकामी टोपली कोपऱ्यात ठेवली, संगणकाकडे पाहिलं.

"किती दिवसांचा?"

"चाळीस वर्षं तरी झाली असतील."

"शिळा हाय. कल्ले उघड."

"काय?"

"आतून बघितल्याबिगर मी पापलेट घेत नाय, हा कशी घेईन?"

स्क्रू काढून मी झाकण उचललं. काकी वाकल्या. एका कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे हिरवट गंज होता. दादा छताचे वासे मोजायला लागले.

"ह्यांनी बघितला नाय वाटतं. निम्मा भाव."

"काकी, निम्म्यात माझं पत्रक छापून होत नाही!"

"कसलं पत्रक?"

मी सांगितलं. "वाच," त्या म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. मी सभेतला आवाज लावला, "मच्छीमार बांधवांनो, उठा!"

"थांब. मासळी कोण सुकवतं?"

"...बायका."

"मंग बांधवांना कशाला उठवतो? हा बघ एक बांधव." दादांनी सापावरची नजर काढली नाही. "हे सभेला जातील, च्या पितील, माघारी येतील. अजून किती हाय?"

"जवळजवळ चार पानं."

"कालवण करपंल रे तवर."

मला राग आला. माझ्या पत्रकाला आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

"ठरलेला भाव देते," काकी म्हणाल्या. "पण मी सांगते तेच छापायचं." आणि कंबरेची पिशवी सोडण्याआधी त्यांनी मजकूर सांगितला: बायांनो, शुक्रवारी कुणी मासळी टांगायची नाय. ढिगातली एकेक लादी टोपलीत घ्या आणि सभेला या.

मी एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. चार पानांत मी जे मागत होतो, ते या दोन ओळी करायला सांगत होत्या. निघताना काकींनी सुक्या बोंबलांची एक जुडी वरून घातली. "शिळ्या मालावर ताजं," म्हणाल्या.

छापखानेवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. हे म्हणायला किती कष्ट पडले ते माझं मला ठाऊक.

शुक्रवारी मी सभेत मागे भिंतीला टेकून उभा होतो. तोंड बंद, काकींची तशी ताकीद होती. टोपल्या एकामागून एक आत आल्या. टेबल लाद्यांनी भरलं, मग खुर्च्या. कागद विटांखाली गेले. ठेकेदार पहिल्या रांगेत चहाचा कप घेऊन बसला होता, त्याला कप ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यात शेवटी जनाकाकी आल्या. आणखी एकीला सोबत घेऊन त्यांनी कमोड आणलं आणि ठेकेदाराच्या पायाशी ठेवलं.

"तुमचा माल हाय," काकी म्हणाल्या. "कल्ले बघून घ्या."

दुसऱ्याच सकाळी डंपर आला, या वेळी ढीग भरून न्यायला. मी आदल्या संध्याकाळीच पालघरच्या बसमध्ये बसलो होतो, म्हणून ते फोनवर कळलं. काकींनी पुन्हा एक जुडी दिली होती. तिच्या वासाने शेजारची सीट पालघरपर्यंत रिकामी राहिली. मांडीही रिकामी होती. पाच मिनिटांची ती किंचाळी आता घिवलीत ऐकू येणार, माझ्या घरी नाही, याचं वाईट वाटलं. मग खिशातून ती चार पानं काढली आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या नजरेने वाचली.

दुसऱ्या पानावरच वास मारायला लागली होती.