आमचे साडू आणि कट्ट्यावरचा पंखा

सोलापुरात नळाला पाणी आलं की अख्खं गाव आनंदात असतं, एकटे आमचे साडू काळजीत पडतात. पाण्याकडं इतक्या संशयानं बघणारा दुसरा माणूस या जिल्ह्यात नसेल. साथ कुठून सुरू झाली ते हुडकून काढणारे डॉक्टर आहेत ते, म्हणून त्यांना सगळं माफ, असं माझी बायको म्हणते. तिच्या बहिणीचं, म्हणजे ज्यांना ते नवरा म्हणून मिळालेत त्यांचं, मत वेगळं आहे. कुणाच्याही घरी गेलं की हे आधी गच्चीवर जाणार, टाकीचं झाकण उचलून आत डोकावणार आणि मग खाली येऊन यजमानांना नमस्कार करणार. भाचीसाठी मुलगा बघायला गेलो होतो तेव्हा पोहे निवून गेले तरी हे वरच. खाली उतरले ते थेट मुलाच्या वडिलांना म्हणाले, "स्थळ उत्तम आहे, टाकी तेवढी धुऊन घ्या." तरीही लग्न ठरलं, हा त्या गृहस्थांचा मोठेपणा.

एकदा अक्कलकोटला लॉजवर उतरलो होतो. साडू न्हाणीघरात शिरले, गरम पाण्याचा शॉवर पूर्ण सोडला आणि टॉवेलवर बाहेर धूम ठोकून दार ओढून घेतलं. व्हरांड्यात तसेच उभे. मॅनेजर धावत वर आला. "काय झालं ओ साहेब, चटका बसला का?" साडू शांतपणे म्हणाले, "नाही हो. नळीत साचलेलं पाणी आहे. पहिल्या फवाऱ्यात श्वास घ्यायचा नसतो." मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. मी यांच्याबरोबर आलोच नाही असा चेहरा करून जिना उतरलो.

त्यांची तपासाची रीत तर ऐकण्यासारखी आहे. पेशंट रोज जिथं बसायचा, तिथं त्याच वेळेला जाऊन स्वतः बसायचं. न्हाव्याच्या खुर्चीत बसतील, बँकेच्या बाकड्यावर बसतील, काही न करता नुसते बसतील. मधूनच चष्मा काढून उजेडात धरायचा आणि काचेवर बारीक तुषार पडलेत का ते बघायचं. एका दुकानदारानं यांना दुपारभर गल्ल्याशेजारी बसू दिलं आणि शेवटी हात जोडून विचारलं, साहेब, इन्कम टॅक्सवाले आहात का. साडूंचं म्हणणं, "लोक खोटं बोलत नाहीत. पण आपण श्वास कुठं घेतला, हे कुणाच्या ध्यानात राहतं?" मी यावर बरीच वर्षं हसत आलो. गेल्या उन्हाळ्यापासून हसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमचे सासरे, तात्या, आजारी पडले. आधी ताप, मग खोकला, मग दम लागायला लागला. उन्हाचा त्रास असेल म्हणून आम्ही ताक आणि पन्हं पाजत बसलो. दवाखान्यात नेलं तेव्हा ते मला माझ्या मेव्हण्याच्या नावानं हाका मारत होते. छातीच्या फोटोत न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजन लावला, औषधं चालू झाली, पण ताप हटेना. त्यांच्याच गल्लीतल्या एक निवृत्त बाई, अर्ध्या गल्लीला ज्यांनी शाळेत शिकवलं, त्याही दुसऱ्या दवाखान्यात अशाच पडून होत्या. हे कानावर आलं मात्र, साडू खुर्चीतून उठले.

त्यांनी तात्यांच्या डॉक्टरांना बाजूला घेतलं. लघवीची एक तपासणी करायला लावली आणि निकाल यायच्या आतच औषध बदलायला लावलं. बाईंच्या दवाखान्यातही तोच निरोप धाडला. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "मला लिजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाचा संशय आहे. हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतो आणि तुषारांबरोबर छातीत जातो. नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. म्हणजे गल्लीत कुठंतरी पाणी उडतंय, आणि अजून कुणीतरी तिथं श्वास घेतोय." हे शेवटचं वाक्य ते इतकं हळू बोलले की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. संशय खरा होता. त्याच दुपारी बाई गेल्या. त्यांचं औषध बदललं होतं, पण उशीर झाला होता. तात्यांचा ऑक्सिजन वाढवला होता आणि माझी बायको बाहेर भिंतीला टेकून उभी होती. साडू मला म्हणाले, "चला, बसायला जाऊ." मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. तरी गेलो.

तात्यांच्या घरचा कूलर कोरडा ठणठणीत होता, बाईंकडं कूलरच नव्हता. दोघांचं साम्य एकच, संध्याकाळी टॉवेलच्या कारखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसणं. कारखानदार तात्यांचे शाळेपासूनचे मित्र, घरात तेलुगू, तात्यांशी मराठी. ऊन कोरडं पडलं की मागावर सूत तुटतं, म्हणून कारखान्यात पाण्याचा फवारा मारणारे पंखे असतात. त्यातला एक जुना पंखा त्यांनी कट्ट्याकडं तोंड करून बसवला होता. लोक उन्हाळ्यात पाणपोई घालतात, यांनी गार वारा वाटला होता. आम्ही गेलो तेव्हाही चार म्हातारी माणसं त्या वाऱ्यात डोळे मिटून बसली होती.

साडू तात्यांच्या जागेवर बसले. थोड्या वेळानं चष्मा काढून उजेडात धरला आणि उठून सगळ्यांना म्हणाले, "उठा. घरी जा. आत्ता." कारखानदार बाहेर आले. "का ओ साहेब? बसू द्या की, हितंच तेवढं गार हाय." साडूंनी पंखा बंद केला आणि विचारलं, याला पाणी कुठून येतं. वर पत्र्यावर पिंप होतं. उन्हानं तापून पाणी कोमट झालेलं. "शेवटचं रिकामं कधी केलंत?" कारखानदार गोंधळले. "रिकामं? पाणी ओतून द्यायचं व्हय? नळ आला की वरनं भर घालतो की."

यात चूक म्हणावी तर ती अख्ख्या सोलापूरची. दिवसदिवस नळाची वाट बघणाऱ्या गावात भरलेलं पाणी कोण ओतून देईल? साडूंनी तोंडाला मास्क बांधला, बाटल्यांत नमुने घेतले आणि तळाची नळी गटारीत सोडली. गल्ली गोळा झाली. बायका बादल्या घेऊन आल्या. "झाडांना तरी घालू द्या," एक जण ओरडली, दुसऱ्या कुणी साडूंचा बाप काढला. हे हात पसरून पिंपापुढं उभे, थेंब कुणाला नेऊ देईनात. एरवी मी लाजून जिना उतरलो असतो. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

तात्यांचा ताप उतरला. गल्लीत पुन्हा कुणी आजारी पडलं नाही. नमुन्यात तोच जंतू निघाल्याचं कळलं त्या संध्याकाळी कारखानदार साडूंना शोधत आले. "बाई बी माझ्याच पंख्यानं गेल्या का?" मला धडकी भरली, कारण आमच्या साडूंना गोड बोलणं जमत नाही. ते म्हणाले, "हो. पंख्यानंच. पण तुम्ही पिंपाबद्दल खरं सांगितलंत, लपवलं असतंत तर मी अजून दारोदार हिंडत असतो आणि कट्ट्यावर माणसं बसत राहिली असती." कारखानदार निघून गेल्यावर साडू मला म्हणाले, "दर वेळी मला कुणाची तरी गार सावली काढून घ्यावी लागते हो." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं हे एवढंच.

तात्या घरी आले, पण जिना उतरायचं बळ राहिलं नव्हतं. कट्टा ओस पडला. कारखानदार रोज संध्याकाळी वर यायला लागले. विजेच्या पंख्यालाही हात लावू देईनात. आपल्याच कारखान्यातला टॉवेल घेऊन तात्यांच्या उशाशी बसायचे आणि वारा घालायचे. तात्या म्हणायचे, "पुरे की रे, हात दुखंल." ते थांबायचे नाहीत. परवा आम्ही दोघं जावई गेलो तर तेच चाललेलं, आणि कारखानदार टॉवेल या हातातून त्या हातात घेत होते. साडू गच्चीवर गेले नाहीत, टाकीचं विचारलं नाही. पलंगाशी जाऊन म्हणाले, "द्या इकडं, तुम्ही जरा बसा." टॉवेल घेतला आणि अंधार पडेपर्यंत वारा घालत राहिले.